पहिल्यांदाच माणसं कामावर ठेवताय? मग हे याच क्रमाने करा

भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत फिरा, निम्म्या गेटवर "ऑपरेटर पाहिजे, हेल्पर पाहिजे" हा बोर्ड बारा महिने लटकलेला दिसतो. आत गेलं की मालक सांगतो, हल्ली माणसं टिकत नाहीत, कुणाला कामच करायचं नाहीये. मी आधी मोठ्या प्लांटमध्ये एचआरला होतो, आता लहान युनिट्स, दुकानं, दहा-पंधरा जणांची ऑफिसं यांच्याबरोबर काम करतो, आणि मला हे वाक्य मनापासून पटत नाही. नवीन जॉइन झालेला पोरगा पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी गेटवर उभा असतो. तोच पोरगा तीन महिन्यांनी घड्याळाकडे बघत बसतो. मधल्या काळात त्याला जे काही झालं ते आपल्याच जागेत झालं ना? म्हणून माझं म्हणणं असं की मोटिव्हेशन बाहेरून आणून भरायची गरज नसते, माणूस ते घेऊनच येतो, आपण फक्त ते मारायचं नाही.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, ज्यांनी नुकतं स्वतःचं काहीतरी सुरू केलंय आणि पहिल्यांदाच पाच-दहा माणसं ठेवतायत. दोन, मोठ्या कंपनीत नुकतेच सुपरवायझर किंवा टीम लीडर झालेले. मालकाच्या हातात जे असतं ते सुपरवायझरच्या हातात नसतं, त्यामुळे जिथे फरक आहे तिथे वेगळं सांगतो.

सुरू करण्याआधी एक जुनी गोष्ट. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना जमवून मागण्यांचा अर्ज केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्य मावळेपर्यंतच, आधीच्या महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत हातात, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडलं. आज कुठलाही पोरगा नोकरी सोडून चालला आणि त्याला बाजूला घेऊन खरं कारण विचारलं तर पगार वेळेवर नाही, सुट्टी मागितली की तोंड वाकडं, डबा खायला धड वेळ नाही, हेच ऐकायला मिळतं. एवढी वर्षं गेली तरी यादी तीच. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पायरी १: पगाराची तारीख ठरवा आणि ती मोडू नका

कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. पण कायदा बाजूला ठेवा, ज्याच्या घरभाड्याची तारीख ५ आहे आणि बाइकचा हप्ता ७ ला कटतो, त्याला पगार १२ ला मिळाला तर चेक बाउन्सचा दंड तो स्वतःच्या खिशातून भरतो, आणि तो दंड आपल्यामुळे लागलाय हे त्याला पक्कं माहीत असतं. त्यानंतर तुम्ही कितीही गोड बोला.

पार्टीचं पेमेंट अडकलं, खरंय, लहान युनिटला ते नेहमीचंच. म्हणून पहिल्याच महिन्यापासून एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे वेगळ्या खात्यात साठवायला लागा, हळूहळू साठले तरी चालेल, पण त्याला हात लावायचा नाही. आणि एखाद्या महिन्यात खरंच उशीर होणार असेल तर ते ८ तारखेला नाही, ३ तारखेलाच सगळ्यांना उभं करून सांगा, कधी मिळेल तेही सांगा, आणि त्या तारखेला द्या.

उचल हा विषय कुणी पुस्तकात लिहीत नाही पण लहान धंद्यात रोजचा आहे. कुणाची आई आजारी, कुणाच्या मुलाची फी. नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे भरलेल्या दिवसांच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत उचल मिळेल, त्यापेक्षा जास्त लागली तर किती हप्त्यांत कापणार ते ठरवून, आणि एका वहीत दोघांच्या सह्या. नियम नसला की काय होतं, जो गोड बोलतो त्याला मिळते आणि जो लाजतो त्याला मिळत नाही, आणि लाजणाराच बहुतेक वेळा तुमचा चांगला कारागीर असतो.

ओव्हरटाइम कारखान्यात कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो. ओटीचे तास रोजच्या रोज लिहा, महिन्याच्या शेवटी आठवून नाही. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि वीस झाली की पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागू होतो, तिथे एक काम नक्की करा, कापलेल्या पैशांचं काय होतं ते माणसाला बसवून समजावून सांगा. ईएसआयसीत पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि बायको-मुलांचा दवाखानाही त्यात येतो, हे बऱ्याच कामगारांना कुणी सांगितलेलंच नसतं, त्यांना फक्त स्लिपवरची वजाबाकी दिसते. कायदे आता बदलतायत, तेव्हा नेमकं काय लागू होतं ते तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून एकदा लिहून घ्या.

पायरी २: पहिला आठवडा

नवीन माणूस आला की आपण त्याला मशीन दाखवतो आणि निघून जातो. डबा कुठे ठेवायचा, पाणी कुठलं प्यायचं, बाथरूम कुठे, चहा किती वाजता, मशीन अडकलं तर इमर्जन्सी बटण कुठलं आणि हाक कुणाला मारायची, हे त्याला कुणीच सांगत नाही, मग तो दिवसभर अंदाजाने वावरतो. एका जुन्या माणसाला आठवडाभर त्याच्याबरोबर लावून द्या, आणि त्या जुन्या माणसाचं टार्गेट त्या आठवड्यात कमी करा, नाहीतर तो शिकवणार कधी.

ऑफर लेटर मराठीत किंवा हिंदीत द्या. पगार किती, कापून हातात किती, सुट्टी किती, कामाची वेळ काय. एक पान पुरतं. तोंडी ठरलेल्या पगारावरून सहा महिन्यांनी जे भांडण होतं ना, "तुम्ही म्हणाला होता सहा महिन्यांनी वाढवतो", ते या एका पानाने टळतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, त्याचा साहेब कोण ते ठरवा. एकच. घरच्या धंद्यात शेठ एक सांगतात, शेठचा भाऊ दुसरं, दुपारी वडील चक्कर मारायला येतात ते तिसरंच सांगून जातात, आणि संध्याकाळी काम झालं नाही म्हणून तिघंही त्याच्यावर ओरडतात. असा माणूस आठवड्याभरात शिकतो की आपण डोकं चालवायचं नाही, जो समोर उभा असेल त्याला हो म्हणायचं. पुढे तुम्हीच तक्रार करता की पोरं डोकं लावत नाहीत. घरात बसून आधी ठरवा, प्रॉडक्शन कुणाचं, खरेदी कुणाची, आणि दुसऱ्याच्या माणसाला थेट काम सांगायचं नाही. वडिलांना हे सांगणं अवघड जातं, माहितीये, पण सांगावं लागतं. त्यांचा अनुभव मोठा असतो, तो वापरायचा तर त्यांना आठवड्यातून एक ठरावीक वेळ द्या, सगळ्यांसमोर त्यांनी काय बघितलं ते त्यांनी सांगावं.

पायरी ३: डबा, पाणी, बाथरूम

इथे थोडक्यात सांगतो. जेवायला पूर्ण अर्धा तास द्या, मधे उठवायचं नाही. बसायला जागा, हात धुवायला साबण. बायका कामाला असतील तर त्यांचं वेगळं बाथरूम, कडी लागणारं, पाणी असलेलं, आणि त्याची चावी ऑफिसातल्या पुरुषाकडे मागावी लागणार नाही असं. ऑफिसला काचेचे कप आणि शॉपफ्लोअरला कागदाचे, असं असेल तर बंद करा. वेगळा कप, वेगळा माठ याचा आपल्याकडे काय अर्थ होतो आणि तो कुणाला कुठे लागतो हे मी सांगायला नको. सगळ्यांना एकच चहा, एकसारखे कप.

पायरी ४: बोलायचं कसं

पन्नाशीच्या वेल्डरला पंचवीस वर्षांचा नवीन इंजिनीअर "ए इकडे ये" म्हणतो, मी हे खूप ठिकाणी बघितलंय आणि दरवेळी राग येतो. वयाने मोठा असेल तर काका, मामा, अण्णा, दादा, जे त्या भागात म्हणतात ते, आणि अहो-जाहो. कोल्हापूरकडे सगळ्यांनाच अरे-तुरे चालतं असं लोक म्हणतील, चालतं, पण ते दोन्ही बाजूंनी चालत असेल तर. तुम्ही त्याला अरे म्हणता आणि तो तुम्हाला साहेब, तर तिथे आपुलकी नसते.

चूक झाली तर केबिनमध्ये किंवा बाजूला घेऊन सांगा, चांगलं केलं तर सगळ्यांसमोर. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही, कारण रिजेक्शन आलं, म्हणजे माल खराब निघाला, की डोकं फिरतं. अशा वेळी आधी जॉब, म्हणजे बनवलेला पीस, बघा, मग मशीन बघा, मग टूल, मग ड्रॉइंग, आणि शेवटी माणूस. एवढं बघेपर्यंत राग पण उतरतो आणि बऱ्याचदा कळतं की इन्सर्टच (टूलचं कापणारं टोक) झिजला होता किंवा ड्रॉइंगची जुनी कॉपी फिरत होती.

कौतुक करायचं तर नेमकं करा. "छान काम करतोस" याने काही होत नाही. "काल थ्रेड खराब येतायत हे तू दहाव्या पीसला पकडलंस, नाहीतर अख्खी लॉट गेली असती" हे म्हटलं की त्या माणसाला कळतं की कुणीतरी नीट बघतंय, आणि बाजूच्यालाही कळतं की इथे कशाची किंमत आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपचं पण सांगतो कारण हल्ली सगळं बिघडतं तिथेच. रात्री अकराला खराब जॉबचा फोटो टाकून "हे कुणी केलं???" असं विचारायचं नाही. ग्रुप फक्त शिफ्ट, सुट्टी, गाडीची वेळ यासाठी. तसंच सीसीटीव्ही. सुरक्षेसाठी लावा, पण घरी बसून मोबाइलवर बघत फोन करायचा की "तो कोपऱ्यात काय करतोय", याने काम वाढत नाही, माणूस फक्त कॅमेऱ्यासमोर हात हलवायला शिकतो. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर पगार जाहीर केला त्याचं फार कौतुक होतं, आणि ते योग्यही आहे, कारण त्याच्या आदल्या वर्षी त्याच्याकडची गळती ३७० टक्क्यांवर गेली होती, म्हणजे असलेल्या जागांच्या साडेतीन पटीपेक्षा जास्त माणसं वर्षभरात भरायला लागत होती. पगार वाढल्यावर गळती खूपच कमी झाली. पण त्या पगारासाठी पात्र आहे का हे बघायला कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन चौकशी करायची, कसे राहतात, पितात का, पैसे साठवतात का, आणि लोकांना ते अजिबात आवडलं नाही, पुढे फोर्डला ते बंद करावं लागलं. चांगला पगार देऊनही माणसावर पहारा ठेवला की त्याला ते खुपतंच.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष बाई हवी आणि निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात. कागदावर नावं लिहून फाइल बंद करू नका, कामावरच्या प्रत्येक बाईला माहीत हवं की कुणाशी बोलायचं.

पायरी ५: रोज सकाळी दहा मिनिटं

उभ्याने, मशीनजवळ. काल काय अडलं, आज काय काढायचंय, कुणाला काय लागतंय. बस. भाषण नाही.

इथे लोक हळूहळू सूचना द्यायला लागतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. टोयोटाच्या लाइनवर काही गडबड दिसली तर साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर लगेच तिथे येतो, आणि ठरलेल्या वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी लावणं सोपं आहे, आपल्याकडेही खूप कंपन्यांनी लावली, पण ओढणाऱ्यावर लीडर डाफरला तर दुसऱ्या दिवसापासून ती दोरी कुणी ओढत नाही. सूचना आली की आठवड्याच्या आत उत्तर द्या, नाही असेल तरी चालेल, पण का नाही ते सांगा. आणि सुरुवातीला स्वस्तातल्या सूचना लगेच करून टाका. ट्रॉलीचं चाक, टेबलची उंची, उन्हाळ्यात एक पंखा जास्त. पाचशे-हजार रुपयांचं काम दुसऱ्या दिवशी झालेलं बघितलं की पुढचा माणूस तोंड उघडतो. मोठ्या कंपनीत सूचनापेटी असते, तिला कुलूप असतं, आणि कुलूप कधी उघडतात ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही सुपरवायझर असाल तर पेटीच्या भरवशावर राहू नका, सूचना स्वतः लिहून घ्या आणि वर पाठवताना त्याचं नाव टाका. त्याची आयडिया आपल्या नावाने प्रेझेंटेशनमध्ये दाखवली तर तो माणूस कायमचा गेला समजा, भले हजेरी रोज लागत असली तरी.

पायरी ६: सुट्ट्यांचं कॅलेंडर

जानेवारीतच बसा आणि प्रत्येकाला विचारा, वर्षभरात तुला कधी गावाला जायचंच आहे. कोकणातल्या माणसाला गणपती, कुणाला आषाढी, कुणाची चैत्रात गावची जत्रा, यूपी-बिहारच्या पोरांना छठ, कुणाला ईद. हे दिवस काही अचानक येत नाहीत, तरी दरवर्षी आपण दचकतो. मुंबईचे डबेवाले बघा, गावच्या यात्रांसाठी ते दरवर्षी काही दिवस सगळेच सुट्टीवर जातात, गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवतात, आणि गिऱ्हाईक पण ते मान्य करतं. तुमच्या कस्टमरलाही महिनाभर आधी सांगितलं आणि स्टॉक करून ठेवला तर चालतं. छठची सुट्टी नाकारलेला माणूस सुट्टी घेतोच, फक्त न सांगता घेतो आणि परत येईल याची खात्री नसते.

यासाठी प्रत्येक मशीनवर किमान दोन माणसं तयार हवीत. भिंतीवर एक तक्ता लावा, उभं नाव, आडवं काम, कोण शिकतोय, कोण करू शकतो, कोण शिकवू शकतो. हा तक्ता सुट्टीसाठी बनवाल पण त्याचा खरा उपयोग पुढच्या पायरीला आहे.

पायरी ७: पुढे काय मिळणार

लहान धंद्यात वर चढायला पोस्टच नसतात, हा सगळ्यात खरा प्रॉब्लेम. मालक, मधे एक सुपरवायझर, आणि बाकी सगळे. हुशार पोरगा दोन वर्षांत ओळखतो की इथे भिंत आहे. म्हणून पोस्ट नसली तरी कामाच्या पायऱ्या करा, हेल्पर, ऑपरेटर, सेटर (मशीन सेट करून देणारा), मग लाइन बघणारा, प्रत्येक पायरीला काय यायला हवं ते लिहून आणि तिथे पोचल्यावर पगार किती वाढेल तेही लिहून. भिंतीवरचा तक्ता भरला की वाढ आपोआप मिळते, मागायला यावं लागत नाही. मागायला लागणं हे खूप जणांना इतकं जड जातं की ते न मागता दुसरीकडे जातात.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते माणसं तुटण्याचं हे एक नंबरचं कारण, नवीन माणसाला जुन्यापेक्षा जास्त पगार. बाजारात रेट वाढलेला असतो, आपल्याला घाई असते, आपण नवीन ऑपरेटरला २२,००० ला घेतो आणि चार वर्षं इमानाने काम करणारा १८,००० वर असतो. वाटतं कुणाला कळणार नाही. चहाच्या टपरीवर आठवड्याच्या आत कळतं. त्या चार वर्षांच्या माणसाला अर्थ लागतो की टिकून राहण्याची इथे शिक्षा आहे. उपाय एकच, नवीन रेटने माणूस घेण्याआधी जुन्यांचे पगार तिथपर्यंत आणा, एकदम जमत नसेल तर दोन टप्प्यांत आणा पण तारीख सांगून. महाग वाटतं, मान्य, पण जुना माणूस गेल्यावर जे रिजेक्शन वाढतं आणि डिस्पॅच लांबतात त्याचा हिशोब कधीतरी करून बघा. पाहुण्यातला पोरगा आणून थेट सगळ्यांच्या वर बसवणं, हेही याच प्रकारात येतं. त्यालाही हेल्परपासून सुरू करू दे.

बोनसचं एवढंच, वीस किंवा जास्त माणसं असली की ठरावीक पगाराच्या आतल्या सगळ्यांना किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याने द्यावाच लागतो, आणि तो कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर मोजतात. ती मेहेरबानी नाही, तेव्हा देताना तसा चेहरा नको. कसा मोजला ते सांगा आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी न देता आठ-दहा दिवस आधी द्या, घरच्या खरेदीला उपयोगी पडेल असा. महिन्याचा उत्कृष्ट कामगार वगैरे फोटो लावण्याच्या मी विरोधात आहे, एकजण खूश होतो आणि बाकीचे खट्टू होतात. त्यापेक्षा अख्ख्या लाइनला मिळून काहीतरी द्या. डबेवाल्यांच्या गटात कमाई सारखी वाटली जाते, म्हणून एखाद्याची सायकल पंक्चर झाली तर दुसरा त्याचे डबे उचलतो.

मोठ्या कंपनीतल्या सुपरवायझरसाठी वेगळं

तुमच्या हातात पगार नाही, बोनस नाही. तुमच्या लाइनवर परमनंट, ट्रेनी, ठेकेदाराचा माणूस असे तिघं शेजारी उभे राहून तेच काम करतात, युनिफॉर्मचा रंग वेगळा, पगारात मोठी तफावत. हे तुम्ही बदलू शकत नाही, पण ठेकेदाराच्या पोराला नावाने हाक मारणं, चांगले ग्लोव्हज सगळ्यांना सारखे देणं, जड आणि घाणेरडं काम रोज त्याच्याच वाट्याला न देणं, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आणि अप्रेझलसाठी दर महिन्याला प्रत्येकाबद्दल दोन ओळी वहीत लिहा, नाहीतर मार्चमध्ये तुम्हाला फक्त फेब्रुवारी आठवतो.

वरच्या लोकांना पटवायचं असेल तर टाटा स्टीलचं उदाहरण द्या. जमशेदपूरला आठ तासांचा दिवस १९१२ ला आला, भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड १९२० ला. पीएफचा कायदा देशात आला १९५२ ला. कायद्याची वाट न बघता केलं आणि कंपनी शंभराहून जास्त वर्षं उभी आहे.

पायरी ८: सोडून जाणारा माणूस

सगळं नीट केलं तरी काही जण जाणारच, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. नोटीस दिल्याबरोबर त्याच्याशी तुटक वागू नका. शेवटच्या आठवड्यात अर्धा तास बसा आणि विचारा, इथे काय बदललं असतं तर थांबला असतास, आणि मग मधे न बोलता ऐका, सफाई द्यायची नाही. त्या अर्ध्या तासात जे कळतं ते आत असलेला माणूस कधी सांगत नाही.

शेवटचा पगार अडकवून ठेवू नका. हिशोब दोन दिवसांत करा, पीएफचे कागद हातात द्या, अनुभवाचा दाखला त्याच दिवशी, तो मागायच्या आधी. लाइनवर राहिलेले सगळे हे बघत असतात. आणि निघताना त्याला स्पष्ट सांगा की तिकडे जमलं नाही तर फोन कर, त्याचा नंबर डिलीट करू नका, कारण चांगले कारागीर परत येतात, आणि येताना बऱ्याचदा ओळखीचा अजून एखादा घेऊन येतात.